वाय-फायमुळे लॅपटॉप हँग होतोय? या चुका टाळा

लॅपटॉप चालता चालता अडकला की पहिला सल्ला येतो, ‘फॉरमॅट मारून टाक.’ दुसरा येतो रॅम वाढवण्याचा. वाय-फायच्या ड्रायव्हरचं, म्हणजे विंडोज आणि वाय-फाय कार्ड यांच्यातल्या दुभाष्या प्रोग्रॅमचं, नाव कुणी घेतलंच तर ते सगळ्यात शेवटी, फॉरमॅट मारून आणलेला लॅपटॉप पुन्हा तसाच हँग व्हायला लागल्यावर. विंडोज नव्याने टाकलं तरी तोच ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून मुकाट्याने परत येऊन बसतो, त्यामुळे यात नवल काहीच नाही.

नेट गेलं तर फार तर व्हिडिओ थांबेल, अख्खं मशीन कशाला अडकेल, ही शंका रास्त आहे. पण ब्राउझर कोसळला तर विंडोज त्याची खिडकी बंद करून पुढे चालू लागतं, तसं ड्रायव्हरचं होत नाही. तो कर्नलच्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्याच्या आत, कर्नलच्याच अधिकाराने चालतो. मेमरीत भलत्या ठिकाणी हात घातला तर डेटा बिघडू नये म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. तीच ती निळी स्क्रीन, ताज्या विंडोज ११ मध्ये काळी. आणि ड्रायव्हर इतरांना थांबवून ठेवणारं एखादं कुलूप धरून बसला किंवा त्याने प्रोसेसर सोडलाच नाही, तर स्क्रीनवर काहीच न येता मशीन नुसतं थिजतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बसवली आणि आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो ड्रायव्हर सुरक्षेचा होता, वाय-फायचा नव्हे, पण कर्नलमध्ये बसलेल्या एकाची चूक सगळ्या मशीनला कशी भोवते ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

लगेच पॉवर बटण दाबून धरू नका

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

नेहमीचा नमुना पाहा. रात्री लॅपटॉपचं झाकण मिटलं, सकाळी उघडलं. डेस्कटॉप दिसतो, माऊस फिरतो, कोपऱ्यातलं घड्याळही पुढे सरकतं. वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की नेटवर्कची यादी येतच नाही, नुसतं गोल फिरत राहतं. डिव्हाइस मॅनेजर उघडायला गेलं तर तोही पांढरा पडतो. रीस्टार्ट दिलं तर ‘रीस्टार्टिंग’ एवढंच लिहिलेल्या स्क्रीनवर मशीन बसून राहतं. इथे झालेलं असं असतं: झोपेतून उठताना वाय-फाय कार्डाला ‘जागं हो’ असा हुकूम गेला आणि ड्रायव्हरने तो पूर्ण केल्याचं कळवलंच नाही. त्याच्या मागची कामं रांगेत तुंबली. विंडोज काही मिनिटं उत्तराची वाट पाहतं, मग ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ म्हणत स्वतः कोसळतं आणि कोसळताना कारण सांगणारी डंप फाइल लिहून ठेवतं. आपण मात्र अर्ध्या मिनिटात वैतागून बटण दाबतो. पुरावा लिहिला जायच्या आधीच मशीन बंद, आणि मग दुकानात जाऊन सांगायचं, ‘काही एरर येत नाही हो, नुसतं हँग होतं.’

म्हणून दहाएक मिनिटं हात आवरा. चहा करून या. तेवढ्या वेळात दोन गोष्टी तपासता येतात. कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो-विझतो का ते पाहा. लागत असेल तर आत अजून धुगधुगी आहे. अजिबात लागत नसेल तर मशीन खालपर्यंत थिजलंय. दुसरं, विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. याने फक्त ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने चालू होतो. स्क्रीन क्षणभर काळी होऊन सगळं सुरळीत झालं, तर तुमचा संशय वाय-फायवर नाही, ग्राफिक्सवर जायला हवा.

इव्हेंट ४१ च्या मागे धावू नका

पुन्हा चालू झाल्यावर लोक विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडतात, लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसते, आणि पॉवर हा शब्द वाचून चार्जर, बॅटरी, डेस्कटॉप असेल तर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलायला निघतात. या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. बटण तुम्हीच दाबून धरलं होतं, तेव्हा ती नोंद येणारच. बघायचं ते त्याच्या आधी काय आहे. विंडोज लॉग्जमधल्या सिस्टममध्ये जाऊन हँग होण्याच्या आधीची दोन-चार मिनिटं वाचा. तिथे ‘नेटडब्ल्यूटीडब्ल्यू’ने सुरू होणारा सोर्स वारंवार इशारे देत असेल तर तो इंटेलच्या वाय-फायचा ड्रायव्हर. लॉग वाचायचा कंटाळा असेल तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ शोधा. तारखेनुसार लाल फुल्या दिसतात आणि कोणत्या दिवशी कोणता ड्रायव्हर बसला हेही तिथेच दिसतं. हँग होणं त्या दिवसापासूनच सुरू झालं असेल तर निम्मं काम झालं.

निळी स्क्रीन आली असेल तर विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘मिनीडंप’ नावाचं फोल्डर बघा. निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू हे फुकट साधन त्यातल्या फाइली वाचून दाखवतं, पण ते गुलाबी रंगात जी नावं दाखवतं ती डोळे झाकून मानू नका. ‘एनडीआयएस’, ‘टीसीपीआयपी’ किंवा ‘एनटीओएस कर्नल’ ही विंडोजची स्वतःची अंगं आहेत. बहुतेक वेळा ती फक्त घटनास्थळी सापडलेली असतात, गुन्हा दुसऱ्याचा असतो. मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी हे साधन जास्त खोलात जातं. थोडं किचकट आहे, पण आपोआप विश्लेषणाची एकच आज्ञा देऊनही पुष्कळदा दोषी फाइलचं नाव हाती लागतं.

मिनीडंप रिकामं सापडलं तर आधी स्वतःच्या सवयी तपासा. जागा मोकळी करणारी क्लीनर सॉफ्टवेअरं आणि विंडोजचं डिस्क क्लीनअपसुद्धा या फाइली कचरा समजून पुसतात. एसएसडी जास्त टिकावी म्हणून पेजिंग फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) बंद करणारेही पुष्कळ आहेत. ती बंद असेल तर डंप लिहिलाच जात नाही.

एअरप्लेन मोड म्हणजे ड्रायव्हर बंद नव्हे

‘वाय-फाय बंद करून पाहिलं, तरी हँग झाला, म्हणजे वाय-फायचा दोष नाही’ हा निष्कर्ष घाईचा आहे. एअरप्लेन मोडमध्ये फक्त रेडिओ बंद होतो. ड्रायव्हर कर्नलमध्ये होता तिथेच असतो आणि झोपणं-उठणं यातला त्याचा गोंधळ चालूच राहतो. खरी चाचणी करायची तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली कार्डावर राइट क्लिक करून ते डिसेबल करा. मग मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि त्या नेटवर नेहमीची कामं करा. पूर्वी रोज हँग होणारा लॅपटॉप असा चार-पाच दिवस बिनघोर चालला तर चोर सापडला. तरीही हँग झाला तर रॅम, एसएसडी, तापणं याकडे वळा आणि वाय-फायला दोषमुक्त करा. ही चाचणी फुकट आहे, काहीही मोडत नाही, आणि माझ्या मते इतर कुठल्याही उपायाआधी हीच करावी.

सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालवल्यावर, लॅपटॉप नीट चालतो, हा त्यामानाने कच्चा पुरावा. तिथे वाय-फायबरोबर ग्राफिक्सचा आणि इतर डझनभर ड्रायव्हरही सुट्टीवर असतात.

ड्रायव्हर बदलतानाच्या चुका

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाच्या सॉफ्टवेअरांपासून चार हात लांब राहा. ती एका दमात वीस ड्रायव्हर बदलतात, मग बिघडलं कशाने आणि सुधारलं कशाने ते कळायचा मार्गच उरत नाही.

लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव टाकून मिळालेला पहिला ड्रायव्हर बसवणं हीसुद्धा चूक. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं असतात. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलमध्ये इंटेल आणि तुमच्यात रियलटेक निघू शकतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स उघडा, हार्डवेअर आयडी निवडा. त्यातला व्हेंडरचा आकडा ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचं, १०ईसी रियलटेकचं, १४सी३ मीडियाटेकचं, १६८सी क्वालकॉम अथेरॉसचं, १४ई४ ब्रॉडकॉमचं. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या. तिथला फारच जुना असेल तर इंटेलसारख्या चिप बनवणाऱ्याकडून.

जुना ड्रायव्हर काढताना येणाऱ्या छोट्या चौकटीकडे लक्ष द्या. त्यात ड्रायव्हरसुद्धा काढून टाकायचा का, असं विचारणारी एक खूण असते. ती न करता अनइन्स्टॉल केलं तर विंडोज आपल्या साठ्यातून तोच बिघडका ड्रायव्हर काढून रीस्टार्टनंतर पुन्हा बसवतं. ‘दोनदा काढून टाकला तरी फरक नाही’ यामागचं कारण बहुतेकदा हेच. आणि काढण्याआधी नवा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, नाहीतर ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. अशा वेळीही यूएसबी टेदरिंगच हात देतं.

नवीन तेच चांगलं, हाही एक भ्रम. अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरा. ते बटण पुसट दिसत असेल तर ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन मशीनवरच्या उपलब्ध ड्रायव्हरची यादी मागवा. तिथे आधीची आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर सापडतो. मग काही आठवडे अपडेट पॉज करा, म्हणजे नवा ड्रायव्हर रात्रीत परत बसणार नाही.

शट डाउन आणि रीस्टार्ट एकच नाहीत

ड्रायव्हर बसवला, लॅपटॉप शट डाउन करून पुन्हा चालू केला, त्रास तसाच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनच्या वेळी कर्नल खऱ्या अर्थाने बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तिथूनच पुढे चालू होते. म्हणजे अर्धवट अडकलेला ड्रायव्हरसुद्धा. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. ड्रायव्हरचं काम केल्यावर नेहमी रीस्टार्टच द्या. पूर्ण बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून शट डाउनवर क्लिक करा. झोपेतून उठताना हँग होणाऱ्या लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअप सरळ बंद करून टाकावं. चार-पाच सेकंद वाचवण्यासाठी एवढा उपद्व्याप परवडत नाही.

त्याच जोडीने कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण काढा आणि पॉवर प्लॅनमध्ये वायरलेस अडॅप्टर मॅक्झिमम परफॉर्मन्सवर ठेवा, पीसीआय एक्स्प्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफ करा. बॅटरी जरा लवकर उतरते, पण या दुखण्यावर हा उपाय वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा लागू पडतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर हे पर्याय दिसतच नाहीत, कारण त्यांची झोपेची पद्धत वेगळी आहे. न दिसणारे पर्याय रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) जाऊन उकरत बसू नका.

व्हीपीएन आणि अँटीव्हायरस हे नेटवर्कच्या वाटेवर येणारी-जाणारी माहिती तपासणारे आपापले फिल्टर ड्रायव्हर बसवतात. मुदत संपलेला अँटीव्हायरस नुसता बंद करून ठेवला तर त्याचा फिल्टर तसाच राहतो. कंपनीचं रिमूव्हल टूल वापरून तो मुळासकट काढा. ड्रायव्हर व्हेरिफायर हे ड्रायव्हरना मुद्दाम ताण देऊन तपासणारं विंडोजचं साधन सगळ्या ड्रायव्हरांवर एकदम लावणं हा आणखी एक हौशी उद्योग. सेफ मोडमध्ये जाऊन तो बंद करता येत नसेल तर हातच लावू नका.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात: जर्नलमधून मागच्या बूटचा लॉग वाचा, चालू बूटचा नव्हे. रियलटेकच्या ८८२१सीई कार्डासाठी जुने लेख वाचून बाहेरचा ड्रायव्हर कंपाइल करू नका. कर्नल ५.९ पासून त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, आणि एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर झोंबले की मशीन थिजू शकतं.

सॉफ्टवेअरचे सगळे उपाय करूनही कार्ड डिव्हाइस मॅनेजरमधूनच गायब होत असेल आणि त्याच वेळी ब्लूटूथही जात असेल, तर संशय कार्डावर घ्या, कारण दोन्ही बहुतेकदा एकाच कार्डावर असतात. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरल्यावर ते परत दिसू लागलं तर तो संशय पक्का होतो. बहुतेक लॅपटॉपांत कार्ड एका स्क्रूवर बसलेलं छोटंसं असतं. ते जागेवर घट्ट बसवून पाहा, जमत नसेल तर दुकानात बसवून घ्या. बदलायची वेळ आलीच तर स्वस्त दिसलं म्हणून कुठलंही घेऊ नका: इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं फक्त त्या कार्डांना साथ देणाऱ्या इंटेल प्रोसेसरच्या मशीनमध्ये चालतात, एएमडीच्या लॅपटॉपसाठी एएक्स२०० किंवा एएक्स२१० लागतं. काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस (विंडोजच्या आधी मशीन चालू करणारा प्रोग्रॅम) तर ठरावीक कार्डांखेरीज दुसरं कार्ड दिसलं की चालूच होऊ देत नाही, तेव्हा दुकानदाराला पैसे देण्याआधी परत घेण्याचं बोलून ठेवा.