छोट्या फुटबॉल क्लबचा आर्थिक पाया कसा तपासावा आणि कसा बांधावा

इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतून बढती मिळवलेल्या बरी एफसी या क्लबला 27 ऑगस्ट 2019 रोजी, वरच्या श्रेणीत एकही सामना खेळण्याआधीच, इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आले. 1900 आणि 1903 साली एफए कप ही इंग्लंडची प्रमुख चषक स्पर्धा जिंकलेल्या या क्लबचा संघ बढतीसाठी झुंजत असताना खेळाडूंचे पगार थकलेले होते. त्यामुळे क्लब चालवणाऱ्याने आणि त्यावर जीव लावणाऱ्या चाहत्याने गुणतालिकेइतक्याच बारकाईने जमाखर्चही वाचायला शिकले पाहिजे.

सर्वप्रथम उत्पन्नाचे दोन भाग पाडावेत. दरवर्षी बऱ्यापैकी खात्रीने येणारे पैसे, म्हणजे तिकिटे, हंगामी पास, स्थानिक प्रायोजक, मैदानाचे भाडे आणि लीगकडून मिळणारा वाटा, हे एका बाजूला लिहावेत. चषक स्पर्धेत मोठ्या संघाशी पडलेली गाठ, खेळाडूची विक्री आणि मालकाने खिशातून घातलेली रक्कम दुसऱ्या बाजूला. पगारांचा आराखडा केवळ पहिल्या बाजूवर बेतावा. दुसऱ्या बाजूचे पैसे आलेच, तर ते कर्जफेडीसाठी, मैदानाच्या दुरुस्तीसाठी किंवा युवा संघासाठी वापरावेत.

यानंतर पगारांचे उत्पन्नाशी असलेले प्रमाण काढावे. इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळाडूंवरचा खर्च उलाढालीच्या 60 टक्क्यांपर्यंत ठेवण्याचा नियम अनेक वर्षे होता आणि चौथ्या श्रेणीतील मर्यादा त्याहून कमी होती. मात्र मालकाने देणगी किंवा भागभांडवल म्हणून घातलेले पैसेही या हिशेबात उत्पन्न म्हणून धरता येत असत, आणि माझ्या मते या नियमाचे सर्वांत मोठे दुबळेपण हेच होते, कारण श्रीमंत मालकाचा क्लब कागदावर नियमात बसतो आणि मालकाचा हात आखडताच उघडा पडतो. म्हणून मालकाचे पैसे वगळून हे प्रमाण स्वतः काढावे. महाराष्ट्राला हा धोका अपरिचित नाही: 2005-06 चे राष्ट्रीय लीग विजेतेपद मिळवणारा मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा संघ कंपनीच्या निर्णयाने 2010 मध्ये बंद झाला.

वार्षिक आकडे जुळले तरी रोकड महिन्यागणिक मांडावी लागते. हंगाम संपल्यावर सामने नसतात, तिकीटविक्री थांबते, पण करारातले पगार चालूच राहतात. नेमक्या याच काळात पुढच्या हंगामाच्या पासांचे पैसे येतात आणि ते जुनी देणी भागवण्यात संपवण्याचा मोह होतो. तसे झाल्यास हिवाळ्यातले पगार देण्यासाठी काहीच उरत नाही. पासांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती दरमहा ठरावीक हप्त्याने वापरावी. करार करतानाही, श्रेणी घसरल्यास पगार किती कमी होईल हे सुरुवातीलाच लिहून घ्यावे.

खेळाडू घडवून विकणे हा छोट्या क्लबचा प्रामाणिक व्यवसाय आहे, परंतु त्याला संयम लागतो. एक्सेटर सिटी हा क्लब 2003 मध्ये लीगमधून घसरला आणि कर्जबाजारी अवस्थेत चाहत्यांच्या ट्रस्टने तो हाती घेतला. जानेवारी 2005 मध्ये एफए कपच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर एक्सेटरने 0-0 असे रोखले आणि त्या सामन्याच्या व फेरसामन्याच्या उत्पन्नाने कर्जाचा भार बराच हलका झाला. पुढे आपल्याच अकादमीतल्या ऑली वॉटकिन्सला 2017 मध्ये ब्रेंटफर्डला देताना त्यांनी पुढच्या विक्रीतला हिस्सा करारात राखून ठेवला; 2020 मध्ये तो ॲस्टन व्हिलाकडे गेला तेव्हा एक्सेटरला पुन्हा पैसे मिळाले. विक्रीची किंमत थोडी कमी घ्यावी लागली तरी हे कलम सोडू नये, असे मला ठामपणे वाटते.

मैदानाची मालकी स्वतंत्रपणे तपासावी. बरीचे गिग लेन हे 1885 पासूनचे मैदान कर्जासाठी गहाण पडले होते, आणि मैदान सावकाराच्या ताब्यात गेल्यावर क्लबकडे वाटाघाटीसाठी दुसरे काहीच उरत नाही. ब्रिटनमध्ये कंपनीची वार्षिक हिशेबपत्रके आणि तिच्या मालमत्तेवरील बोजांच्या नोंदी कंपनीज हाउस या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तिथे नवे तारण दिसले, हिशेबपत्रक मुदत उलटूनही दाखल झाले नाही किंवा लेखापरीक्षकाने क्लब चालू राहण्याविषयी शंका नोंदवली, तर चाहत्यांनी संचालकांना लेखी विचारणा करावी. आपल्याकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या क्रीडा मंडळांना लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावे लागतात. त्याची प्रत वार्षिक सभेआधी प्रत्येक सभासदाच्या हाती पडेल, असा ठराव कार्यकारिणीकडून करून घ्यावा.