साखर न घालता कोको चविष्ट कसा करावा

कोकोतली साखर बंद करायची ठरवली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मग तिच्याऐवजी काय घालू?’ माझ्या मते गाडं तिथेच अडतं. साखर दोन कामं करत असते: गोडवा देते आणि कोकोचा कडूपणा झाकते. त्यातलं दुसरं काम साखरेशिवायही उत्तम होतं. कडूपणाची धार गेली, घोट जिभेवर मऊ लागला आणि नाकाला छान वास मिळाला, की गोडाची उणीव फारशी जाणवत नाही. म्हणून आधी कडूपणाकडे बघू, मग दाटपणाकडे, मग वासाकडे. गोडीचा विचार सगळ्यात शेवटी, तोही गरज वाटली तरच.

सुरुवात डब्यापासून

‘ड्रिंकिंग चॉकलेट’ किंवा ‘हॉट चॉकलेट मिक्स’ म्हणून जे मिळतं त्यात सहसा साखर असते, आणि पुष्कळदा कोकोपेक्षा जास्त असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, त्यामुळे पहिलं नाव वाचलं तरी अंदाज येतो. डेक्स्ट्रोज आणि ग्लुकोज सिरप ही साखरेचीच रूपं. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी, सहसा साखरेच्या आकड्यात धरत नाहीत, पण रक्तातली साखर तेही झपाट्याने वाढवतं. आपल्याला हवी यादीत ‘कोको’ एवढाच शब्द असलेली पावडर.

तिचेही दोन प्रकार आहेत. नैसर्गिक कोको आम्लधर्मी असतो, त्याला फळासारखी आंबूस धार असते. दुसरा अल्कलीची प्रक्रिया केलेला, ज्याला डच कोको म्हणतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समधल्या वान हाउटेन यांनी रूढ केली. तो रंगाने गडद आणि चवीला सौम्य. साखरेशिवाय प्यायचं असेल तर मी नि:शंकपणे डच कोको सुचवीन. मात्र या प्रक्रियेत कोकोतले फ्लॅव्हनॉल, म्हणजे आरोग्याला चांगली मानली जाणारी वनस्पतिजन्य द्रव्यं, बरेच कमी होतात. त्यांच्यासाठीच कोको पीत असाल तर नैसर्गिक घ्या आणि पुढच्या पायऱ्या जरा जास्त मनापासून करा. डब्यावर स्निग्धांशाचा आकडाही बघा. साधारण 10 ते 12 टक्क्यांची पावडर पातळ आणि कोरडी लागते, 20 ते 22 टक्क्यांची भरदार.

आधी पेस्ट, मग दूध

एका मगाला, म्हणजे 200 मिली दुधाला, चहाचे दोन सपाट चमचे कोको पुरे. जास्त घातला तर चॉकलेटची चव वाढण्याऐवजी कडूपणाच वाढतो.

कोको विरघळत नाही. त्याचे कण दुधात तरंगत राहतात, आणि त्यांच्यातली चरबी पाण्याला जवळ येऊ देत नाही. म्हणून भुकटी थेट दुधात टाकली की गुठळ्या होतात. पातेल्यात कोको घ्या, दोन-तीन चमचे गरम पाणी घालून गुळगुळीत पेस्ट करा आणि मंद आचेवर मिनिटभर ढवळा. कच्चट वास जातो. मग थोडं थोडं दूध घालत जा. उकळी फुटायच्या बेतात आली की दोन मिनिटं तसंच राहू द्या. कोकोत थोडा स्टार्च असतो, तो फुगून पेयाला अंग येतं.

मिठाचा कण

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मीठ. सोडियममुळे कडू चव दबते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे; 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कडू-गोड मिश्रणात मीठ घातल्यावर कडूपणा मागे पडला आणि गोडी वर आली. दुधात मुळातच थोडी गोडी असते, ती अशी मोकळी होते.

विश्वास बसत नसेल तर दोन कपांत नुसता कोको आणि गरम पाणी घ्या, एकात मिठाचे मोजके कण टाका आणि आलटून पालटून चाखा. फरक पहिल्याच घोटाला कळतो. प्रमाण किती? दोन बोटांच्या चिमटीत येईल त्याच्या निम्मं. मीठ ‘लागलं’ तर ते जास्त झालं.

कडूपणा वेगळा आणि तुरटपणा वेगळा. जीभ कोरडी करणारा तो तुरटपणा पॉलिफेनॉल नावाच्या वनस्पतिजन्य द्रव्यांमुळे येतो (फ्लॅव्हनॉल त्यांतलेच), आणि त्यावर दूधच औषध. दुधातली प्रथिनं पॉलिफेनॉलना धरून ठेवतात; चहात दूध घातल्यावर होतं तेच. त्यामुळे पाण्यातल्या कोकोपेक्षा दुधातला मऊ लागतो आणि सायीच्या दुधातला त्याहून मऊ. दूध चालत नसेल तर नारळाचं दूध किंवा चमचाभर बदामाचं बटर घाला. ओटचं दूध घेताना लेबल वाचा: ते बनवताना स्टार्चची साखर होते, त्यामुळे वरून साखर न घालताही ते गोड असतं. साध्या दुधाच्या 200 मिलीतही सुमारे 10 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर, असतंच. मधुमेह असेल तर हा आकडा हिशेबात धरा.

नाकाला काम द्या

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत माया आणि ॲझ्टेक लोक कोको मिरची, व्हॅनिला आणि सुगंधी फुलं घालून पीत आणि उंचावरून ओतून त्याला फेस आणत. त्यात उसाची साखर पडली ती युरोपीय लोकांच्या हाती तो गेल्यावर. व्हॅनिला तर मूळची तिथलीच. तिला स्वतःला गोडी नाही, पण गोड पदार्थांतून तिचा वास आपल्या इतका ओळखीचा झालेला असतो की तो आला की पेय गोडसर भासतं. अर्क असेल तर पाव ते अर्धा चमचा, पातेलं उतरवल्यावर. उकळताना घातला तर वास वाफेबरोबर निघून जातो.

दालचिनीचंही असंच, पण तिची पूड घालू नका. ती विरघळत नाही आणि बुळबुळीत होते. दूध तापतानाच एक तुकडा टाका आणि शेवटी काढून घ्या. वेलची, जायफळ, सुंठ यांतलं एका वेळी एकच घ्या. सगळं एकत्र टाकलं की मसालाच लागतो, कोको हरवतो.

संत्र्याची साल किसून घालायची असेल तर फक्त वरचा केशरी भाग. खालचा पांढरा थर कडू असतो. रस नको, दूध फाटेल. चिमूटभर कॉफीने चॉकलेटची चव गडद होते, पण कोकोत थोडं कॅफिन आधीच आहे, म्हणून रात्री नको.

ज्येष्ठमधाची काडी दुधात उकळली तर खरीखुरी गोडी उतरते. मात्र त्यातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून ते रोज घेऊ नका आणि रक्तदाबाचा त्रास असेल तर अजिबातच नको.

मध, सिरप किंवा फळांचा घट्ट रस घालून ‘साखर नाही’ म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना यांतली साखरही मुक्त साखरेतच, म्हणजे मर्यादित ठेवायला सांगितलेल्या साखरेतच, धरते. साखरेऐवजी वापरतात त्या गोड द्रव्यांपैकी स्टीव्हियाची चव मागाहून कडसर होते आणि कोकोच्या कडूपणात भर घालते, म्हणून मी ती टाळते. एरिथ्रिटॉलने तोंडात गारवा येतो. पुदिन्याबरोबर तो खपून जातो, एरवी खटकतो. आज दोन चमचे साखर घेत असाल तर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ सावकाश सरावते.

थंड कोको हवा असेल तरी पेस्ट गरमच करा, नंतर गार करा. थंड पेयात गोडी आणि वास दोन्ही फिके लागतात, म्हणून व्हॅनिला थोडी वाढवा. पिण्याआधी रवीने चांगलं घुसळा, आणि अर्धा पेला संपला की पुन्हा ढवळा. नाहीतर सगळा कोको तळाशी बसतो आणि शेवटचा घोट भलताच कडू लागतो.