गोव्यातून विमानाचं अंतर आणि वेळ कशी काढायची

गोवा ते मुंबई किती किलोमीटर विचारलं की एक जण ५९० सांगतो, दुसरा ४२५, आणि दोघंही बरोबर असतात, कारण पहिला गाडीने सांगतोय आणि दुसरा विमानाने. विमानाला ना घाट ना खाडी. तर विमानाचं काढायचं असेल तर गूगल मॅप्समध्ये डायरेक्शन्स दाबू नका, तिथे रस्ताच येणार. एअरपोर्टवर बोट दाबून धरा, पिन पडली की खालचं अंतर मोजायचं ऑप्शन घ्या आणि नकाशा सरकवत दुसऱ्या एअरपोर्टवर न्या, झालं.

पण पिन टाकायच्या आधी एअरपोर्ट कुठला ते बघा हां. जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे दोन आहेत. तिकिटावर जीओआय असेल तर वास्कोजवळचं दाबोळी, जीओएक्स असेल तर पेडण्यातलं मोपा. हवेतून दोघांत जेमतेम ४० किमी, म्हणून मुंबई मोपाहून ३९० च्या आसपास येते, पण जमिनीवर हा फरक चांगलाच रडवतो. आमची मावशी वास्कोला राहते, गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावरून विमानं जातात तिच्या, आणि स्वस्त दिसलं म्हणून पोराने तिकीट काढून दिलं ते मोपाचं! भल्या पहाटे उठून पेडण्यापर्यंत टॅक्सी, तिकिटात वाचलेले पैसे तिथेच गेले वर शिव्या वेगळ्या.

आता वेळ. किलोमीटरला ८०० ने भागा, आणि वर अर्धा तास टाका. विमान वर गेलं की साधारण ८०० ते ८५० च्या स्पीडने जातं, पण धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं यात वेळ जातो, तो हा अर्धा तास. दिल्ली १५०० किमी, म्हणजे पावणेदोनच्या थोडं वर, अधिक अर्धा, सव्वादोन-अडीच तास. तिकिटावर याहून दहा-पंधरा मिनिटं जास्तच दिसतील, कंपन्या हातचं राखूनच लिहितात.

मुंबईला मात्र हे गणित फसतं. हिशेबाने तास येतो, तिकिटावर सव्वा तास किंवा वरच असतो. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि विमानं वर घिरट्या घालत बसतात. मुंबईसाठी पाव तास जास्तीचा धराच.

गल्फवाल्यांचा गोंधळ वेगळा. दुबई २२०० किमी, आपल्या हिशेबाने सव्वातीन तास. तिकिटावर बघाल तर पहाटे ४ ला सुटून पावणेसहाला पोचतं, मग घरचे म्हणतात अरे पावणेदोन तासांत दुबई? नाही बाबा, तिथलं घड्याळ दीड तास मागे आहे, तो दीड तास मिळवायचा. परत येताना उलटं, घड्याळ बघितलं तर पावणेपाच तास वाटतात, त्यातले दीड वजा करायचे, आणि थंडीत पश्चिमेचा वारा पाठीशी असला तर अजून थोडे कमी. पण घरी न्यायला कोण येणार असेल तर त्याला यातलं काही सांगत बसू नका, तिकिटावरची उतरायची वेळ तेवढी पाठवा, ती इथल्याच घड्याळाची असते. आणि दाबोळी की मोपा तेही लिहा.