एचआयव्हीत आतडं सांभाळताना: गोळीची वेळ, विरजण, कळणं आणि कच्चं केळं

एचआयव्हीची तपासणी रक्ताची होते, म्हणून घाव रक्तातच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत प्रतिकारशक्तीच्या सीडी-4 पेशींचा सगळ्यात मोठा संहार होतो तो आतड्याच्या अस्तरात. त्यांतल्याच टीएच-17 नावाच्या पेशी अस्तराची राखण आणि डागडुजी करतात. त्या गेल्या की अस्तराची चाळणी होते, जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि शरीर आतून धुमसत राहतं. 2006 साली हे झिरपणं रक्तात मोजून दाखवलं गेलं. एआरटी, म्हणजे विषाणू दाबणारी रोजची औषधं, नीट घेतली की रक्तातला विषाणू काही महिन्यांत मोजता येणार नाही इतका खाली जातो. आतडं मात्र सावकाश आणि बहुधा अर्धवटच भरून येतं. त्याला ताटातून हातभार लावता येतो, पण गोळी चुकत असेल तर ताटाचा उपयोग शून्य.

सरकारी केंद्रावर बहुतेकांना टीएलडी मिळते: टेनोफोविर 300, लॅमिव्युडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम, दिवसाला एक गोळी. यातलं डोल्युटेग्राविर आतड्यात कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमला चिकटतं आणि मग रक्तात कमी पोचतं. म्हणून जळजळीची पातळ औषधं आणि चघळायच्या गोळ्या टीएलडीनंतर निदान 2 तासांनी घ्या, किंवा त्या आधी घेतल्या असतील तर टीएलडीसाठी 6 तास थांबा. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी जेवणासोबत टीएलडीबरोबर चालते, उपाशीपोटी नाही. शेवभाजी-ठेच्यानंतर छातीत जळजळलं की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो, आणि चूक तिथेच होते.

दही. दूध आधी उकळाच. सुट्या कच्च्या दुधातून येणारे जंतू कमी सीडी-4 असलेल्याला जड जातात. अर्ध्या लिटर दुधाला एक चहाचा चमचा विरजण पुरतं. करंगळी बुडवून दहा आकडे मोजता येतील इतकं कोमट झालं की विरजण लावा. जास्त गरम असेल तर विरजणातले जिवाणू मरतात आणि सकाळी फुटलेलं पाणी हाती लागतं. फार गार असेल तर ते लागायला वेळ घेतं, तोवर दुसरेच जिवाणू बस्तान बसवतात आणि दह्याला तार सुटते. तार सुटलेलं दही खाऊ नका, त्याचं विरजणही पुढे वापरू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 कडे सरकतो तेव्हा 4-5 तासांत दही लागतं, मग लगेच फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठाशेजारी हलवा. थंडीत 8-10 तास धरा. रोज एक वाटी पुरे. ताक करायचं तर उकळून गार केलेल्या पाण्यात. गाडीवरचं बर्फाचं ताक नको.

दह्यातले जिवाणू आतड्यात कायमचे मुक्कामाला राहत नाहीत, चार दिवसांचे पाहुणे असतात. घरच्या रहिवाशांना हवा चोथा. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच्यावर जगतात. खान्देशात यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे काळे उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी, तुरीच्या डाळीचे फुणके, आणि रावेर-यावलकडचं कच्चं केळं. केळं सालीसकट 10-15 मिनिटं उकडून सोला, कुस्करून दह्यात किंवा कढीत घाला. बांगलादेशात लहान मुलांच्या रेंगाळलेल्या जुलाबांवर शिजवलेलं कच्चं केळं देऊन चाचण्या झाल्या आणि जुलाब लवकर आटोक्यात आले. पहिल्या आठवड्यात अर्धं केळं, एकच भाकरी, मग वाढवा. एकदम वाढवलं की पोट फुगतं, आणि माणूस दोष गोळीला देतो.

पाणी. नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येतं तिथे साठवण आलीच. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी क्लोरीनच्या थेंबांना दाद देत नाही, तुरटीलाही नाही. खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट ठेवा, झाकून गार करा, ओगराळ्याने काढा.

प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलबद्दल उत्साह जरा आवरा. एचआयव्हीत त्यांचा ठोस फायदा चाचण्यांत सातत्याने दिसलेला नाही, आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांच्या रक्तात त्याच कॅप्सूलमधले जिवाणू सापडल्याच्या नोंदी आहेत. सीडी-4 पेशींचा आकडा 200 च्या खाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. विष्ठेतल्या जिवाणूंची महागडी तपासणीही करू नका. अहवालात प्रिव्होटेला नावाचा जिवाणू जास्त दिसेल आणि घाबरायला होईल. भाकरी-डाळ खाणाऱ्यांत तो मुळातच जास्त असतो.

जुलाब लागले तर मेडिकलवरून ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिकची पट्टी आणणं ही नेहमीची चूक. ती चांगले जिवाणूही झोपवते. आधी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण ओता. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं तर मीठ जास्त होऊन त्रास वाढतो. पाकीट नसेल तर तशाच एक लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. टीएलडी सुरूच ठेवा. केंद्रातून कोट्रायमोक्साझोल दिलं असेल तर तेही मनाने बंद करू नका: ते अँटिबायोटिक खरं, पण न्यूमोनियापासून राखतं आणि जुलाब करणाऱ्या सिस्टोआयसोस्पोरा या परजीवीवरही चालतं. रक्त पडलं, ताप आला, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

14 दिवसांपलीकडे जुलाब चालले तर एआरटी केंद्रावर जा आणि विष्ठा तपासणी लिहून देताना ‘मॉडिफाइड ॲसिड-फास्ट’ रंग लावायला सांगा. साध्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम निसटतो आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. एक नमुना पुरत नाही, वेगवेगळ्या दिवशीचे तीन द्या. नमुना कोरड्या, स्वच्छ डबीत घ्या, त्यात पाणी किंवा लघवी मिसळू देऊ नका. शहाद्याहून किंवा चोपड्याहून एसटीने निघणार असाल तर घरून भरून नेण्यापेक्षा डबी प्रयोगशाळेतून घेऊन तिथेच नमुना द्या, कारण पातळ विष्ठेतले काही परजीवी अर्ध्या तासातच ओळखू येईनासे होतात.