नवी ऑफ-रोड एसयूव्ही घेताना इंजिन कसे निवडावे

थार, थार रॉक्स, जिम्नी किंवा गुरखा यांपैकी एखादी गाडी घ्यायचे ठरले की घरात पहिला वाद इंजिनावरून होतो. काका म्हणतात डिझेलच घे, ऑफिसातला मित्र सांगतो डिझेलचे दिवस संपले, आणि शोरूमवाला जी गाडी लगेच मिळते तिची बाजू घेतो. तिघांचेही ऐकून घ्या, पण निर्णय एका क्रमाने करा. गाडी कुठे चालणार हे आधी ठरवा, मग फोर बाय फोर (चारही चाकांना जोर) बघा आणि त्यानंतर इंजिनाकडे या. हा क्रम उलटला की इंजिन मनासारखे मिळते आणि गाडी मात्र नुसती मागच्या चाकांवर चालणारी निघते. मग पहिल्याच पावसाळ्यात चिखलात रुतून ट्रॅक्टरची वाट बघावी लागते.

१. वर्षभराचे किलोमीटर लिहून काढा

मागच्या वर्षी गाडी किती पळाली हे सर्व्हिसच्या बिलांवरून लगेच कळते. तो आकडा लिहा. त्याखाली दुसरा आकडा लिहा: एकदा चावी फिरवल्यावर गाडी सरासरी किती अंतर न थांबता चालते? हा दुसरा आकडा फारसे कोणी विचारात घेत नाही, पण डिझेलच्या बाबतीत माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कारण आहे डीपीएफ. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले. तेव्हापासून नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा हा फिल्टर असतो. साठलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी फिल्टरमध्ये ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. हायवेवर एका लयीत वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालली की हे काम आपोआप उरकते. रोज कोथरूड ते डेक्कन, तेही सिग्नलला थांबत-थांबत, एवढेच चालवले तर ते होत नाही. मग डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागतो. तेव्हाही हायवेवर चक्कर मारून आणली तर काम भागते. दुर्लक्ष केले तर गाडी पिकअप कमी करते आणि शेवटी सर्व्हिस सेंटरला नेऊन मशीन लावून फिल्टर साफ करून घ्यावा लागतो.

ऑफ-रोडिंगलाही हेच लागू आहे. दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर दगडधोंड्यांतून हळूहळू गाडी चढवली म्हणजे इंजिनाने मेहनत केली असे वाटते, पण धूर पुरेसा तापत नाही. फिल्टर साफ होत असताना गाडीचा खालचा भाग भयंकर तापलेला असतो हेही ध्यानात ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत गुडघाभर वाळलेले गवत उभे असते. त्यावर अशी गाडी लावली तर वणवा पेटू शकतो. गाडी नेहमी मोकळ्या मातीवर उभी करा.

थोडक्यात, गाडी रोज शहरात चार-पाच किलोमीटर चालणार असेल आणि महिन्यातून एखाद्या वेळीच घाट चढणार असेल, तर पेट्रोलकडे झुका. नाशिक-पुणे, कोल्हापूर-रत्नागिरी अशा फेऱ्या नेहमीच्या असतील तर डिझेल सुखाने घ्या.

२. कोणत्या इंजिनासोबत फोर बाय फोर मिळते ते तपासा

सध्याच्या गाड्यांमध्ये कंपनीनेच बरेचसे ठरवून टाकले आहे.

जिम्नीत १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन एवढेच येते, आणि प्रत्येक जिम्नी फोर बाय फोर असते. गुरखात २.६ लिटरचे डिझेल, गिअरबॉक्स मॅन्युअल, आणि पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक (डावे-उजवे चाक एकत्र फिरवणारी सोय). थार रॉक्समध्ये पेट्रोल आणि डिझेल दोन्ही आहेत, पण फोर बाय फोर हवी असेल तर डिझेलच घ्यावी लागते. पेट्रोल रॉक्स कितीही महागातली घेतली तरी ती मागच्या चाकांवरच चालते. उरली तीन दरवाजांची थार. तिच्यात २.० लिटर टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असलेले पेट्रोल आणि २.२ लिटर डिझेल या दोन्हींसोबत फोर बाय फोर मिळते, १.५ लिटर डिझेलसोबत मिळत नाही.

म्हणजे फोर बाय फोर पक्की धरली, तर पेट्रोल की डिझेल हा प्रश्न खऱ्या अर्थाने एकाच गाडीत उरतो. बाकी ठिकाणी गाडी निवडली की इंजिन आपसूक ठरते. ब्रोशर दर वर्षी बदलते, त्यामुळे बुकिंगच्या आठवड्यातले ताजे ब्रोशर घेऊन हे एकदा ताडून बघा.

१.५ लिटर डिझेल थारचा मोह मोठा आहे. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १५०० सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असल्यामुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के लागतो, तर मोठ्या इंजिनांच्या थारवर ४० टक्के. शेतापर्यंतचा मुरूम टाकलेला रस्ता, गावची जत्रा, कोकणातला कच्चा फाटा एवढ्यासाठी ती पुरेशी आहे. ओल्या चढावर किंवा ओढ्यात उतरायचे असेल तर मात्र किमतीतला फरक विसरा आणि फोर बाय फोर घ्या.

३. पीएसच्या आधी टॉर्क वाचा

पीएसचा, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा, आकडा हायवेवर ओव्हरटेक करताना उपयोगी पडतो. दगडावर चाक चढवताना लागतो टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, आणि तोही कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्यांवर). थारचे २.२ डिझेल १३० पीएस आणि ३०० न्यूटन मीटर देते. टॉर्क १६०० आरपीएमपासून मिळू लागतो. पेट्रोल मॅन्युअल १५० पीएस आणि तेवढाच ३०० न्यूटन मीटर देते, तोही कागदावर १२५० आरपीएमपासून. ऑटोमॅटिकमध्ये तो ३२० होतो. तेव्हा ‘पेट्रोलला खालून जोर नसतो’ ही समजूत टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनांच्या काळातली आहे.

फरक जाणवतो तो त्याहूनही खाली. ॲक्सिलरेटरला पायच न लावता, नुसत्या आयडलिंगवर गाडी रांगत असते तेव्हा डिझेल जास्त चिवट वाटते. चाकासमोर दगड आला तरी ते कण्हत-कण्हत ओलांडते. पेट्रोलला तिथे हलकासा पाय द्यावा लागतो, नाहीतर मॅन्युअल गाडी बंद पडते. सवयीने हे जमते, आणि ऑटोमॅटिकमध्ये हा प्रश्न जवळजवळ येतच नाही.

जिम्नीचा टॉर्क फक्त १३४ न्यूटन मीटर आणि तो ४००० आरपीएमला, हे वाचून अनेकजण तिला तिथेच बाद करतात. मला हे पटत नाही. ती जेमतेम १२०० किलोची आहे आणि तिला लो रेंज (फोर बाय फोरमधला जास्तीचा हळू गिअर) आहे. लो रेंजमध्ये इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचेपर्यंत आणखी वाढतो. थारमध्ये हे गुणोत्तर २.४८ आहे, म्हणजे तोच ३०० चा टॉर्क त्या टप्प्यावर साडेसातशेच्या जवळ जातो. म्हणूनच इंजिनापेक्षा लो रेंज महत्त्वाची. चार माणसे आणि सामान भरून कसारा चढताना मात्र जिम्नीला गिअर उतरवावा लागतो, हे मान्य करूनच ती घ्यावी.

४. तुमची जमीन कोणती ते ठरवा

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात चाकाला थापून बसते. तिथे टायर आणि वजन यांचा परिणाम इंजिनापेक्षा जास्त होतो. डिझेल इंजिन वजनाला जड असल्याने नाकाकडचा भाग लवकर बसतो. सह्याद्रीतल्या दगडी, उभ्या चढांवर डिझेलचा चिवटपणा कामी येतो. सडे, म्हणजे कातळाचे माळ, आणि फुलांची पठारे यांवर मात्र कोणतीच गाडी घालू नका. कास असो वा तुमच्या गावामागचा सडा, तिथल्या पातळ मातीवर एकदा चाक गेले की वर्षानुवर्षे भरून येत नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर तर गाडी घालायला बंदीच आहे.

ओढे ओलांडायचे असतील तर पाण्याची खोली आणि हवा ओढणाऱ्या तोंडाची उंची बघा. कंपनी थारसाठी ६५० मिलिमीटर आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर खोली सांगते. डिझेलला स्पार्क प्लग नसतात म्हणून ते पाण्यात चालते, ही समजूत अर्धीच खरी आहे. पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरले तर दोन्ही इंजिने जाम होतात, आणि डिझेलमध्ये दाब जास्त असल्याने कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती अधिक. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून, ओढून बाहेर काढा आणि मेकॅनिकला दाखवा.

उंचीची चिंता महाराष्ट्रात करायची गरज नाही. आपले कळसूबाई १६४६ मीटरचे. लडाखला जायचे असेल तर फरक पडतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, टर्बो असलेले बरेच तग धरते. हिवाळ्यात तिथे साधे डिझेल गोठते. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल आणले.

५. पैशांचे गणित स्वतः करा

महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स लागतो, डिझेलला १४. म्हणजे १५ लाखांच्या गाडीवर तीस हजार इथेच वाढले. त्यात एक्स-शोरूम किमतीतला फरक आणि विमा मिळवा.

समजा एकूण फरक सव्वा लाख आहे, पेट्रोल गाडी ९ चे ॲव्हरेज देते आणि डिझेल १२ चे. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९० रुपये धरले, तर वर्षाला दहा हजार किलोमीटरला डिझेल सुमारे साडेचाळीस हजार वाचवते. तीन वर्षांत फरक वसूल. तीच गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालली तर साडेसात वर्षांहून जास्त काळ लागतो. आकडे तुमच्या पंपाचे आणि गाडीचे घाला, पद्धत हीच ठेवा. पेट्रोलचे ॲव्हरेज धरताना हात आखडता घ्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तृतीयांशाने कमी असते.

सैन्यात किंवा केंद्र सरकारी नोकरीत असाल आणि दिल्लीला बदलीची शक्यता असेल, तर डिझेलबद्दल दोनदा विचार करा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला. त्यानंतर नियम मागे-पुढे होत राहिले, पण जुनी डिझेल गाडी तिथे डोक्याला ताप आहे.

६. टेस्ट ड्राइव्ह कच्च्या चढावर घ्या

शोरूमभोवतीच्या डांबरी रस्त्यावरची चक्कर या गाडीसाठी कुचकामी आहे. फोर बाय फोरचीच गाडी मागा आणि जवळचा एखादा मातीचा चढ आधीच हेरून ठेवा. डांबरावर फोर बाय फोर लावून वळू नका. या गाड्यांची पुढची-मागची चाके तेव्हा एकमेकांशी जखडलेली असतात आणि गिअरवर ताण येतो.

चढाच्या पायथ्याशी थांबा, न्यूट्रल करा, लो रेंज टाका, पहिला गिअर. एसी चालू, गाडीत तीन-चार माणसे. क्लच सोडा आणि तिन्ही पेडलवरून पाय काढा. गाडी स्वतःहून चढते की थरथरून बंद पडते ते बघा. मध्यावर ब्रेक लावून थांबा आणि पुन्हा निघा. मग वळवून त्याच चढावरून त्याच गिअरमध्ये ब्रेक न लावता खाली या. इथे मॅन्युअल गाडीला घट्ट धरून ठेवते, ऑटोमॅटिक थोडी सुटते; ते तुमच्या पायाला कितपत झेपते हे याच वेळी कळेल. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही एकाच चढावर, एकाच दिवशी चालवा.

परत आल्यावर सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरला गाठून तीन गोष्टी विचारा: या डिझेलला ॲडब्लू (धूर साफ करण्यासाठी वेगळे भरायचे द्रव) लागते का, डीपीएफचा दिवा लागून गाड्या किती वेळा येतात, आणि इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर पार्ट किती दिवसांत येतो.

७. बुकिंगच्या पावतीवर सगळे लिहून घ्या

व्हेरिएंटच्या नावावर समाधान मानू नका. पावतीवर इंधन, इंजिनाचे लिटर, मॅन्युअल की ऑटोमॅटिक आणि फोर बाय फोर हे चारही शब्द लिहून, शिक्का मारून घ्या. गाडी आल्यावर पैसे भरण्याआधी यार्डात जाऊन लो रेंजचा लिव्हर किंवा बटण प्रत्यक्ष बघा, इंजिन नंबर आणि चासी नंबर इनव्हॉइसशी जुळवा, आणि रजिस्ट्रेशनचा फॉर्म आरटीओला जाण्याआधी त्यावरचे इंधन वाचून मगच सही करा.