मस्टँगखाली शिरण्याआधी

नोव्हेंबर संपत आला की इकडे मिशिगनमध्ये रस्त्यांवर मीठ पडायला लागतं आणि जुन्या गाड्या एप्रिलपर्यंत गॅरेजमध्ये मुक्कामाला जातात. सस्पेन्शन उघडायला हेच दिवस चांगले. माझी फोर्ड मस्टँग १९६६ची आहे, २८९ क्युबिक इंचांच्या व्ही-८ इंजिनाची. चोखंदळ लोक तिला मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची दांडगी गाडी, म्हणत नाहीत; तिच्याहून लहान आणि हलकी म्हणून पोनी कार म्हणतात. पण त्या काळातल्या कुठल्याही दणकट अमेरिकन गाडीखाली शिरायचं तर तयारीची पद्धत बरीचशी हीच. पहिल्या हिवाळ्यात मी आधी सामान मागवलं आणि नंतर गाडीखाली पाहिलं, त्यात दोन महिने गेले. म्हणून सस्पेन्शनच्या कामाच्या तयारीची ही यादी मी ज्या क्रमाने लिहितोय, त्याच क्रमाने घ्या.

सगळ्यात आधी काहीही विकत घेऊ नका. टॉर्च, लोहचुंबक आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली शिरा. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. पुढचं चाक वर आणि खाली एकेका आर्मने, म्हणजे हलत्या दांड्याने, बॉडीला जोडलेलं असतं. पुढची कॉइल स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि तिचं वरचं टोक शॉक टॉवरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या शेजारच्या पत्र्याच्या उभ्या मनोऱ्यात टेकतं, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा शेवटी त्या टॉवरच्या पत्र्याला जाऊन लागतो. कुजक्या पत्र्यावर कडक स्प्रिंग बसवली तर पत्राच फाटणार. टॉवरचं बूड, पुढचे फ्रेम रेल (इंजिनाखालच्या लांब पत्र्याच्या तुळया) आणि दाराखालचे टॉर्क बॉक्स (बॉडीला मजबुती देणाऱ्या पत्र्याच्या पेट्या) स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला आणि तिथे चुंबकही चिकटत नसेल, तर आत पुट्टी भरलेली आहे. उजवीकडे बॅटरीखालचा भाग मुद्दाम बघा, कारण वर्षानुवर्षं सांडलेल्या ॲसिडने तिथला पत्रा खाल्लेला असतो.

माझ्या गाडीच्या डाव्या टॉवरवर आधीच्या कुणीतरी काळा अंडरकोट जाड थापला होता. तो पट्टीने खरवडला, रॉकेलच्या फडक्याने पुसला, तेव्हा वरच्या आर्मच्या बोल्टापासून निघालेली केसासारखी रेघ दिसली. पुन्हा पुसली. जाईना. नख फिरवलं तर अडकलं. दोन इंचांची भेग होती ती. तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडून ती पुढे सरकणं थांबवलं, मग वेल्डिंग आणि वरून मजबुतीची पट्टी. तोवर नव्या स्प्रिंगा खोक्यात पडून होत्या. तेव्हा टॉवर आणि आजूबाजूचा पत्रा उघडा करून नीट पाहिल्याशिवाय पुढचं वाचायचीही घाई करू नका.

टॉवर जागेवर आहेत का, हेही याच वेळी तपासा. इतक्या वर्षांत इंजिनाच्या आणि गाडीच्या वजनाने ते आतल्या बाजूला झुकतात. फायरवॉलपासून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपासून, दोन्ही टॉवरना जाणारी एकसंध एक्स्पोर्ट ब्रेस मिळते. परदेशी जाणाऱ्या गाड्यांना ती लावत, म्हणून हे नाव. मूळच्या दोन सुट्या पट्ट्यांपेक्षा ती खूपच मजबूत आहे. मित्राकडून एखादी आणून नुसती धरून बघा. भोकं जुळली नाहीत तर ब्रेसची भोकं कानसून मोठी करायची नाहीत. टॉवर सरकलेत असं समजायचं आणि आधी ते जागेवर आणून घ्यायचे.

आता वही काढा. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये ठरलेली हवा आणि टाकी अर्धी भरलेली असू द्या. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहा. वरच्या आर्मच्या बोल्टांमागे पातळ पट्ट्या असतात, त्यांना शिम म्हणतात. १९६६च्या मस्टँगमध्ये चाकाचा कल यांनीच ठरतो. प्रत्येक बोल्टामागे किती शिम आहेत ते मोजून लिहा, फोटो काढा आणि काढलेल्या शिम वेगवेगळ्या पिशव्यांत घालून चिठ्ठ्या लावा. कंटाळवाणं काम आहे, पण गाडी जोडताना याच पिशव्या हाताशी लागतात.

सामान ठरवताना माझं मत स्पष्ट आहे: आधी भूमिती, मग कडकपणा. बरेच जण कडक स्प्रिंगा आणि महागडे शॉकअप घेऊन मोकळे होतात आणि गाडी फक्त आदळायला लागते. मूळ मांडणीत वळणावर बॉडी कलली की बाहेरच्या चाकाचा माथा बाहेर झुकतो आणि टायर कडेवर धावतो. फोर्डच्या क्लाउस आर्निंग या इंजिनिअरने यावर साधा तोडगा काढला होता: वरच्या आर्मची टॉवरवरची भोकं एक इंच खाली घ्यायची. मग चाक दबताना त्याचा माथा आत ओढला जातो आणि टायर रस्त्यावर सपाट राहतो. १९६५च्या शेल्बी जीटी ३५०मध्ये हा बदल होता. १९६६च्या सुरुवातीच्या गाड्यांनंतर खर्च वाचवण्यासाठी तो वगळला गेला. आपल्याला खर्च काय? चार भोकं आणि अर्धा दिवस.

भोकांसाठी तयार टेम्पलेट मिळतं. नवं भोक जुन्यापासून एक इंच खाली आणि पाव इंचाच्या निम्मं मागे येतं. सेंटर पंचने खूण करा, बारीक बिटने सुरुवात करून टप्प्याटप्प्याने मोठं करत जा, कडा कानशीने गुळगुळीत करा आणि उघड्या पत्र्याला लगेच रंग लावा. मिशिगनच्या दमट गॅरेजमध्ये तो पत्रा एका आठवड्यात गंजतो. एक इंचापेक्षा खाली जाण्याचा मोह नको, आर्मच्या टोकाचा फिरता सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, त्याच्या मर्यादेला जाऊन अडकतो. गाडीचं नाक या बदलाने आपोआप जरा खाली येतं, म्हणून सोबत फार बुटक्या स्प्रिंगा घेऊ नका.

बाकीच्या सामानात वरचे आणि खालचे आर्म, स्ट्रट रॉडचे (खालच्या आर्मला पुढे-मागे हलू न देणाऱ्या दांड्याचे) रबर बुश, वळणावर गाडी कलणं कमी करणारा एक इंच जाडीचा पुढचा अँटी-रोल बार आणि चांगले गॅस शॉकअप घ्या. स्टिअरिंगचे टाय रॉड आणि आयडलर आर्म मागवण्याआधी आपली गाडी सहा सिलिंडरची की व्ही-८, पॉवर स्टिअरिंग आहे की नाही, हे दुकानदाराला सांगा, कारण भाग वेगळे असतात. टॉवर कापून नंतरच्या मस्टँग-२ मॉडेलचं पुढचं सस्पेन्शन बसवायचे संच मिळतात. टॉवर धड असतील तर मी ते कुणालाही सुचवणार नाही. कापलेला टॉवर परत येत नाही.

मागचं काम सोपं आहे. तिथे पाटेच आहेत, आमच्या बाबांच्या फियाटला मागे होते तसेच. पाटे खचले असतील तर नवे घ्या, त्यासोबत शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला लटकवणाऱ्या पट्ट्यांचे) बुश आणि पाटे आसाला आवळणारे यू-बोल्टही नवेच घ्या. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात. मागचा अँटी-रोल बार तूर्त नको. आधी गाडी चालवून बघा.

हत्यारांत टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना), ग्रीसगन, चार भक्कम जॅक स्टँड, चाकाला लावायला लाकडी ठोकळे आणि नट सुटू न देणाऱ्या नव्या कॉटर पिनची पाकिटं हवीत. गंज सोडवणारं तेल कामाच्या आठवडाभर आधीपासून रोज नटांवर मारत राहा. गॅरेज उबदार ठेवायला हीटर लावणार असाल तर उघड्या ज्वाळेचा नको. शेजारी पेट्रोलची टाकी आहे, आग विझवायचं नळकांडं हाताशी असू द्या.

आता स्प्रिंग. इथे मी सावकाश बोलणार आहे. दबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये माणसाचा जीव घ्यायची ताकद असते. दुकानात मिळणारे स्प्रिंग दाबून धरणारे, बाहेरून पकडायचे दोन हुकांचे कंप्रेसर या गाडीला चालत नाहीत. टॉवरच्या वरून आत जाणारा, याच गाडीसाठी केलेला कंप्रेसर हवा. अनेक सुट्या भागांच्या दुकानांत असे कंप्रेसर अनामत ठेवून वापरायला देतात. त्याच्या आट्यांना ग्रीस लावा, हुक झिजलेले दिसले तर तिथूनच परत करा. आधी शॉकअप वरून बाहेर काढायचा, मग कंप्रेसर आत सोडायचा आणि स्प्रिंग दबून हाताला सैल लागेपर्यंत आर्मचा एकही नट सोडायचा नाही. तोंड आणि छाती टॉवरच्या रेषेत आणायची नाही. घरात दुसरं माणूस नसेल त्या दिवशी हे काम करू नका. मी हे केलं त्या दोन्ही दिवशी माझी बायको गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, फोन मांडीवर घेऊन.

चाकं निघालेलीच आहेत तर ब्रेकच्या रबरी नळ्याही बदला. गाडी वळणावर जास्त वेगाने जाणार असेल तर ती थांबलीही पाहिजे.

रबर बुशचे बोल्ट आर्म लोंबकळत असताना घट्ट करायचे नाहीत. सगळं हाताने बसवा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग टॉर्क रेंचने आवळा. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो.

अलाइनमेंटवाला मात्र काम सुरू करण्याआधीच शोधून ठेवा. फोनवर एवढंच विचारा, ‘शिमची गाडी करता का?’ काही ठिकाणी नाही म्हणतील, ते बरं, निदान आधीच कळतं. जुन्या पुस्तकातले आकडे त्या काळच्या जुन्या बांधणीच्या बायस-प्लाय टायरसाठी होते. आजच्या रेडियल टायरसाठी मी कागदावर लिहून देतो: कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकाव) अधिक दोन ते अडीच अंश, कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आत-बाहेर कल) उणे अर्धा अंश, टो-इन (दोन्ही चाकांची पुढची बाजू आत वळणं) एक अष्टमांश इंच. पॉवर स्टिअरिंग नसेल तर कॅस्टर दोनवरच थांबवा, गाडी पार्क करताना हात भरून येतात.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे इथली जुन्या गाड्यांची मोठी फेरी, असते. त्याआधी निदान पाचशे मैल व्हायला हवेत, म्हणजे गाडी मे महिन्यात रस्त्यावर आली पाहिजे. पहिल्या शंभर मैलांनंतर यू-बोल्ट आणि आर्मचे नट टॉर्क रेंचने पुन्हा बघा, चारही उंच्या पुन्हा मोजा आणि त्याच वहीत, जुन्या आकड्यांशेजारी लिहा. स्प्रिंगा अजून थोड्या बसतील. पाचशे मैलांना आणखी एकदा मोजा आणि मगच शेवटची अलाइनमेंट करून घ्या.