छापाचित्राची शाई उन्हात टिकते का, हे घरीच कसं तपासावं

मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या भिंतींवरची जुनी पोस्टरं बघा. पुढाऱ्यांचे चेहरे निळे पडलेले असतात. चार रंगांच्या छपाईतली किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी-काळी मागे राहते. लिनोकट (लिनोलियमवर कोरलेला ठसा) किंवा लाकडी ठशाची चित्रं छापणारे बरेच जण स्वस्त पडते म्हणून पोस्टरांच्या छापखान्यातली हीच ऑफसेटची शाई वापरतात. म्हणून चित्र विकायला काढण्याआधी तपासा.

आधी डबा वाचा. शाईचं नाव कितीही गोड असलं तरी ते सोडा, रंगद्रव्याचा क्रमांक शोधा. पीबीके ७ म्हणजे कार्बनचा काळा. त्याची काळजी नको. पीआर १०१ हा आयर्न ऑक्साइड, म्हणजे गेरूला लाल करतो तोच. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत गेरू आहेच. पीबी १५, थॅलो निळा, हाही भरवशाचा. पीआर ८३, अलिझरिन क्रिमसन, दिसायला देखणा पण कच्चा. क्रमांकच नसेल तर चाचणीला पर्याय नाही.

चित्रासाठी घेणार त्याच कागदावर रोलरने दोन पट्ट्या काढा, एक नेहमीच्या जाडीची आणि एक अगदी पातळ. पातळ थरात रंगद्रव्य कमी असल्याने तो लवकर उडतो. पांढरा मिसळलेल्या फिक्या छटेचंही तेच. गुलाबी आकाशाची हौस असणाऱ्यांनी ही पट्टी टाळू नये. तेलाची शाई आठवडाभर तरी वाळू द्या. मग प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका आणि तारीख पेन्सिलीने लिहा, कारण पेनाची शाईही उडते. शेजारी हळदीचं पाणी लावलेला कागद ठेवा. हळद लवकर उडते, त्यामुळे ऊन पुरेसं मिळतंय की नाही ते कळतं. काटेकोर मोजायचं तर ब्लू वूल कार्ड मागवा. त्यात लोकरीच्या आठ निळ्या पट्ट्या असतात. १ सर्वांत कच्ची, ८ सर्वांत पक्की.

आता जागा. परदेशी पुस्तकं दक्षिणेची खिडकी सांगतात. खान्देशात मेअखेरीस दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो, दक्षिणेच्या खिडकीत ऊन जवळजवळ शिरतच नाही. पश्चिमेची घ्या, पट्ट्या काचेच्या आतून लावा. गच्चीवरच्या पत्र्यावर मात्र नको: तापल्याने कागद आणि तेल पिवळं पडतं, मग रंग उडाला की कागद बिघडला ते समजत नाही.

दर आठवड्याला फॉइल उचलून सावलीत दोन्ही भाग ताडून पाहा. दोनेक महिन्यांत फरक दिसला तर ती शाई सरावाच्या प्रतींसाठी ठेवा. ढगाळ पावसाळ्यात फार वेळ लागतो, म्हणून सुरुवात फेब्रुवारीतच करा.